भीमेच्या काठावरची गोफण

माझं माहेर शिरूर तालुक्यात, सासर दौंड तालुक्यात, आणि मधे भीमा. माहेरच्या घरावरची टाकी आमच्या काठावरून दिसते. लेक एवढ्या जवळ दिली म्हणून आईला केवढं समाधान होतं!

त्या वर्षी आषाढ कोरडा गेला आणि चोरांची आवई उठली. आधी ड्रोन फिरतात, मग चोर होडीतनं नदी ओलांडून येतात, असं ज्याच्या त्याच्या मोबाईलवर आलेलं. चोर पाहिला कुणीच नव्हता. तरी आमच्या गावानं सुरक्षा दल काढलं. मिलिटरीतून रिटायर झालेले एक आबा त्याचे पुढारी. रोज सकाळी मोकळ्या रानात कवायत. शिट्ट्या आल्या, बॅटऱ्या आल्या, काठ्यांना तेल लागलं. घरात पाण्याचा तांब्या स्वतः न उचलणारी माणसं तिथं छाती काढून उभी! मला हसू आवरायचं नाही.

आमच्या ह्यांची मात्र गोफण. ज्वारीवरची पाखरं उठवावीत तर ह्यांनीच. आबांनी त्यांना थेट काठावर नेमलं.

मी म्हटलं, "अहो, आन् कुणाला दगड वर्मी लागला म्हंजी? पलीकडं माझा भाऊ राहतो."

"तुझा भाऊ कशाला मरायला येतोय नदीत?" हे म्हणाले.

मला काही ते पटलं नाही. दगड काय नाव विचारून लागतो?

एक दिवस दिवेलागणीला पलीकडच्या काठावर बॅटऱ्या हलायला लागल्या. इकडं शिट्ट्याच शिट्ट्या. मी भाकरी तव्यावर टाकून अंगणात आले आणि भावाला फोन लावला.

"दारं लावून घे रं. तुमच्या काठावर चोर हायेत!"

तो धापा टाकत होता. "आक्का, आमच्या न्हाई, तुमच्या काठावर हायेत! बॅटऱ्या दिसत्यात आम्हाला. दाजींना घरातच ठेव. आमच्या गावाचं दल पार पाण्यापर्यंत उतरलंय, मी बी त्यातच हाय."

अगं बाई, म्हणजे चोर कुणीच नाही! तशीच अनवाणी पळत सुटले, "हाणू नका, सोयरे हायेत ते!" म्हणून ओरडत. पोचले तोवर पलीकडचा एक उजेड विझला होता आणि आमची माणसं ह्यांची पाठ थोपटत होती. "एक पाडला!"

फोन अजून चालूच होता. मी स्पीकर लावला.

"आक्का, हात मोडला गं माझा," भाऊ कण्हत होता.

ह्यांच्या हातातली गोफण गळून पडली.

राखी मी त्याच्या डाव्या हातावर बांधली, उजवा प्लास्टरात होता. हे अंगणातच घुटमळत राहिले. शेवटी भावानंच हाक मारली, "या की आत, दाजी. नेम बाकी झकास हाय तुमचा!" घर सगळं हसलं. हे नाही हसले.

चोर काही आले नाहीत. मी अजून विचार करते, अंधारात समोर उभा राहिलेला माणूसही आपल्याइतकाच भ्यालेला असेल, हे आबांच्या कवायतीत कुणालाच कसं सुचलं नाही? मला तरी कुठं सुचलं होतं!

पुढं ज्वारी हुरड्यात आली आणि पाखरं झुंडीनं उतरली. बघते तर हे बांधावर उभे राहून नुसत्या टाळ्या वाजवतायत. गोफण घरात खुंटीला होती. मी ती नेऊन दिली नाही. शेजारी जाऊन उभी राहिले आणि मीही टाळ्या वाजवायला लागले. निम्मी ज्वारी पाखरांनी खाल्ली.