शेखभाऊचा हललेला गंधार

वडशाला आमच्या नाटक मंडळीची तालीम होती... ऐंशीच्या दशकातला हिवाळा, धान नुकतंच निघालेलं. पेटीसाठी दोघे उमेदवार, मी आणि नागभीडचा शेखभाऊ. मुख्य गायिका शकुनबाई ज्याच्या साथीला हो म्हणतील, तोच हंगामभर मंडळीसोबत फिरणार होता.

मी पेटी कुणाकडे शिकलो नाही. दोन सूर एकदम दाबले की त्यांच्यात एक बारीक थरथर ऐकू येते... आतल्या पितळी पट्ट्या कानशीनं घासून घासून मी ती पार घालवली होती. बाई काळी पाचवरून गायच्या, म्हणून सगळी पेटी त्याच षड्जाला जुळवली. गंधार षड्जात असा मिसळायचा, की हे दोन सूर आहेत हे मेंदूला कळूच नये!

शेखभाऊची पेटी दुकानातून आणली तशीच. प्रत्येक सूर जरा जरा हललेला, आणि हा खुशाल पान चघळत बसलेला.

बाई आल्या त्या खोकतच. "घसा धरला जी. आज पांढरी सहावरून घ्या."

म्हणजे अर्धाच सूर खाली. मी षड्ज-गंधार एकत्र दाबले... आणि काळी पाचसाठी घासलेले ते सूर एकमेकांना चावायला लागले. पुन्हा जुळवायचं म्हणजे आठवडा.

"भाऊ, तुमची पेटी काऊन रडून राह्यली?" बाईंनी मला विचारलं.

शेखभाऊनं आपली पेटी पुढे सरकवली. "आमची सगळीकडंच थोडी थोडी रडते बाई, कोणाले समजत नाई." सगळे हसले. बाई त्यालाच हो म्हणाल्या, त्याच्याच पेटीवर गायल्या आणि गोड गायल्या, हेच जास्त झोंबलं.

पुढे वाचनातून कळलं, दोन सूर एकमेकांना फार चावले तर मेंदूला खुपतात, पण लहानपणापासून कानावर पडलेली थोडी चूक तो सांभाळून घेतो. इतरांचा घेत असेल, माझा घेत नाही, असं मी बरेच दिवस सांगायचो.

खरं म्हणजे त्याच हंगामात मी तिकीट काढून मंडळीचं नाटक बघायला गेलो होतो... फक्त चूक पकडायला. गंधार हललेलाच होता, नीट तपासला. तरी बाईंच्या शेवटच्या गाण्याला माझेच डोळे भरून आले. त्याबद्दल शेखभाऊला मी अजून माफ केलेलं नाही.