सलूनवाल्याने अर्ज मागे घेतला

कोर्टातली माणसं वकीलबाईंना पाठीमागे 'तारीखबाई' म्हणत, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांना त्याचा रागही नव्हता. एरवी पुढची तारीख पडली की पक्षकार कपाळावर हात मारून घेतो. पण त्यांचं कोर्ट वेगळं होतं. परदेशातून आलेल्या माणसाला इथे राहू द्यायचं की परत धाडायचं, याचा निवाडा तिथे होई. तिथे तारीख पडली म्हणजे माणूस आज तरी विमानात बसत नाही. दुभाषा चुकीच्या बोलीचा आहे, डॉक्टरांचा अहवाल यायचा आहे, कागद नीट भाषांतर झालेला नाही, असं काहीबाही पण खरंच असलेलं कारण शोधून तारीख मिळवण्यात बाईंचा हात कोणी धरू शकत नव्हतं.

त्यांचं ऑफिस चष्म्याच्या दुकानाच्या वर होतं. जिना अरुंद. डोळे तपासायला आलेली माणसं कधीकधी चुकून वर येत. "तपासणी खाली," बाई म्हणत, "इथे डोळे फक्त पांढरे होतात." पन्नाशी उलटलेली, आवाज जरा घोगरा, चालणं भरभर. घरी त्या आणि त्यांचे यजमान. ते शाळेत गणित शिकवत आणि घरी कमी बोलत.

यजमान ज्याच्याकडे केस कापायला जात, तो सलूनवाला बाईंचा अशील झाला. त्याचं दुकान मागच्याच गल्लीत होतं. दोन खुर्च्या आणि एक मोठा आरसा. इतकी वर्षं इथे राहून तो इथली भाषा दुकानापुरती झकास बोले. "सरांचे केस कापायला वेळ लागत नाही," तो बाईंना म्हणे, "शोधायला लागतो." मात्र दुकानाबाहेरचं काही बोलायचं झालं, की शब्द संपत आणि तो हातवाऱ्यांवर येई.

तिकडे, त्याच्या देशात, त्याचं असंच दुकान होतं. धाकटा भाऊ हाताखाली होता. एके दिवशी वर्दीतली माणसं आली आणि गिऱ्हाइकाच्या गालावर साबण लावत असलेल्या भावाला उचलून घेऊन गेली. तो परत आला नाही. पुढे चौकशी बसली, तेव्हा तिघांनी साक्ष दिली. त्यांतले दोघे नाहीसे झाले. तिसरा हा. बायको पोटुशी होती. तिला घेऊन तो निघाला आणि इथे येऊन त्याने आश्रयाचा अर्ज केला. मुलगी इथेच जन्मली, इथेच शाळेत जाऊ लागली. बायको एका लाँड्रीत इस्त्री करी. अर्जाचा निकाल लागेपर्यंत दरवर्षी परदेशी नागरिकांच्या कचेरीत जाऊन हजेरी लावायची, एवढंच काय ते बंधन होतं.

त्या वर्षी मात्र हवा बदलली होती. हजेरीला गेलेली माणसं आतच ठेवून घेतात, असं जो तो बोलत होता. सलूनवाला जिना चढून वर आला.

"मॅडम, जाऊ का नको?"

"न गेलात तर फरारी ठराल," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं नीट चाललेली केस आपल्याच हाताने मातीत घालाल. जा. मी येते सोबत."

सल्ला बरोबर होता. कुठल्याही वकिलाने तोच दिला असता. सलूनवाला कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला. त्याला आत बोलावलं, बाईंना बाहेरच्या बाकावर बसवलं. बराच वेळ गेला. मग दार उघडलं आणि एका अधिकाऱ्याने प्लास्टिकची पिशवी त्यांच्या हातात दिली. तिच्यात सलूनवाल्याचा पट्टा होता आणि बुटांच्या नाड्या.

"हे घरच्यांना द्या," तो म्हणाला. उद्धटपणे नाही, अगदी सभ्यपणे.

त्याला कोंडून ठेवलं ते डिटेन्शन सेंटर गावाबाहेर होतं, गोदामांच्या पलीकडे. भिंती फिकट हिरव्या, खिडक्या उंचावर, आणि आतले दिवे कधीच बंद होत नसत. बाई दर आठवड्याला जात. काचेच्या अलीकडे एक फोन, पलीकडे एक. पहिल्या भेटीत सलूनवाला उत्साहात होता. "इथे एक कापणारा येतो मॅडम, मशीन घेऊन. तो केस कापत नाही, गवत काढतो." त्याला स्वतःला कात्री धरायला मनाई होती. आतले लोक त्याला म्हणत, तू कर ना आमचे, आणि तो रिकामे हात दाखवी.

बाईंना केस भक्कम वाटत होती. साक्षीची नक्कल होती, नाहीशा झालेल्या दोघांबद्दल छापून आलेलं होतं. न्यायाधीशांनी फक्त त्याचं बोलणं शांतपणे ऐकून घ्यायला हवं होतं.

आणि तेच होत नव्हतं. सुनावणीला त्याला कोर्टात आणत नसत, पडद्यावर दाखवत. पहिल्या तारखेला दुभाषा भलत्याच बोलीचा निघाला. सलूनवाला म्हणाला, भावाला 'नेलं'. दुभाष्याने सांगितलं, भाऊ 'गेला'. बाई ताडकन उठल्या आणि त्यांनी हरकत घेतली. हरकत मान्य झाली. पुढची तारीख. त्या खेपेला पडदाच काळा झाला, आवाज येई पण चित्र येईना. पुढची तारीख. मग न्यायाधीशांची बदली झाली, आणि नव्या साहेबांना फाईल वाचायला अवधी हवा होता. मधेच सलूनवाल्याला न सांगता दुसऱ्या, लांबच्या सेंटरमध्ये हलवलं. बाई आपल्या नेहमीच्या वाराला गेल्या, तर पहारेकरी म्हणाला, तो इथे नाही. कुठे आहे ते शोधायला त्यांना ठिकठिकाणी फोन फिरवावे लागले. सापडला तेव्हा त्याला पहिल्याच सेंटरमध्ये परत आणलेलं होतं.

यातल्या कुठल्याच गोष्टीत कोणाच्या मनात वाईट नव्हतं. सरकारी वकीलही भला माणूस होता. कोर्टाच्या कँटीनमध्ये त्याने बाईंपुढे चहाचा कप सरकवला आणि म्हणाला, "तुमची केस चांगली आहे, मी काय सांगू? पण जामिनाला विरोध करायचा असं वरून आहे. माझे हात बांधलेले."

"तुमचे हात बांधलेले, साहेबांचे बांधलेले," बाई म्हणाल्या. "आत बसलाय त्याचेच तेवढे मोकळे आहेत. कात्री नाही हातात, म्हणून."

तो हसला नाही. चहा तसाच ठेवून उठून गेला.

थंडी सरता सरता सलूनवाला बदलला. काचेपलीकडे येऊन बसे तेव्हा आधी डोळे चोळी. झोप लागत नाही म्हणे; डोळे मिटले तरी उजेड आत शिरतो. गाल बसले होते. बोलताना उजव्या हाताची दोन बोटं उघडमीट करत, कात्रीसारखी, आणि त्याचं त्यालाच कळत नसे. मुलगी एकदा भेटायला आली होती. काचेला हात लावू नये असं पहारेकऱ्याने सांगितलं, तेव्हापासून ती यायला तयार नव्हती.

एका भेटीत त्याने फोन उचलला आणि नमस्कारही न करता म्हणाला, "मॅडम, मला परत जायचंय."

बाईंना वाटलं, शब्द चुकला. "परत कुठे?"

"माझ्या देशात. अर्ज मागे घ्या."

"वेड लागलंय का तुम्हाला? तुम्हीच सांगितलंत ना, तिथे काय आहे ते?"

"माहीत आहे."

"पुढची तारीख जवळ आली आहे. साहेबांनी फाईल वाचली आहे. या वेळी तुमची साक्ष होईलच."

"मागच्या वेळीपण तुम्ही असंच म्हणालात." त्याचा आवाज चढलेला नव्हता. "मॅडम, तुम्ही खूप केलंत. पण तुम्ही तारीख आणता आणि मी इथे असतो. तिकडे मला धरतील किंवा धरणार नाहीत. गावी बहीण आहे, लपता येईल. इथे तर मला धरलेलंच आहे."

बाईंनी खूप समजावलं. कायदा सांगितला, मुलीची आठवण काढली, शेवटी दमदाटीही केली. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही माझ्या वकील आहात ना? मग मी सांगतो ते साहेबांना सांगा."

दुसऱ्या दिवशी त्याची बायको ऑफिसात आली. लाँड्रीतून थेट आली होती, बाह्या दुमडलेल्या, मनगटावर इस्त्रीचा जुना डाग. तिला नवऱ्याने फोनवर सांगितलं होतं.

"ताई, तुम्ही नाही म्हणा," ती म्हणाली.

"मला नाही म्हणता येत नाही गं."

"का नाही? तुम्ही शिकलेल्या. त्याचं डोकं ठिकाणावर नाही. झोप नसलेल्या माणसाचं कोण ऐकतं? मी त्याची बायको आहे, मी नको म्हणते. लिहून देते."

"अर्ज त्याच्या नावाचा आहे."

"आणि मी? आणि पोरगी? आम्ही कोणाच्या नावाच्या?"

खालून चष्मेवाल्याच्या मशीनचा घरघर आवाज येत होता. बायको रडली नाही. टेबलावरचं पाणी प्यायली, पेला उपडा ठेवला आणि निघताना म्हणाली, "हजेरीला जा म्हणून तुम्हीच सांगितलंत." टोमणा म्हणून नाही. जे झालं ते म्हणून.

घरी बाई जेवल्या नाहीत. यजमानांनी कारण विचारलं.

"एक रस्ता आहे," त्या म्हणाल्या. "त्याची मनःस्थिती ठीक नाही, त्याला निर्णय घेता येत नाही, असा अर्ज द्यायचा. डॉक्टर तपासतील. तारीख मिळेल. मी काढू शकते ती तारीख."

"मग काढ."

"पण तो वेडा नाहीये. थकलाय. आणि ती तारीख पडेपर्यंत राहील कुठे? तिथेच, त्या उजेडात."

गणिताच्या मास्तरांनाही ते सुटलं नाही. यजमान म्हणाले, "हल्ली मी केस कापलेच नाहीत," आणि उठून पलीकडच्या खोलीत गेले.

बाईंनी तो अर्ज लिहिला. सुनावणीच्या दिवशी तो त्यांच्या पिशवीत होता. पडद्यावर सलूनवाला दिसला. या वेळी चित्र स्वच्छ होतं, आवाज खणखणीत होता, दुभाषाही बरोबर बोलीचा होता. सगळं काही जिथल्या तिथे. बायको मागच्या बाकावर बसली होती.

"आपल्या अशिलाला परिणामांची पूर्ण कल्पना दिली आहे का?" न्यायाधीशांनी विचारलं.

बाई उभ्या राहिल्या. पडद्यावरून सलूनवाला त्यांच्याकडेच बघत होता, निदान तसं वाटत होतं. त्याने हात जोडले नाहीत, मानही हलवली नाही. नुसता बघत राहिला. पिशवीत हात घालायचा, कागद काढायचा, तो साहेबांपुढे ठेवायचा. इतकंच करायचं होतं.

"दिली आहे," बाई म्हणाल्या.

"निर्णय त्यांनी स्वतःहून, कोणाच्या दडपणाशिवाय घेतला आहे?"

"साहेब, ते कोंडून ठेवल्यामुळे अर्ज मागे घेत आहेत. त्यांची भीती संपली म्हणून नाही. एवढं नोंदवून घ्यावं, अशी विनंती आहे."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता, वयाने तरुणच होता. "आदेशासाठी त्याची आवश्यकता नाही," ते म्हणाले. मग त्यांनी सलूनवाल्याला तोच प्रश्न विचारला. दुभाष्याने तो नीट पोचवला. सलूनवाल्याने इथल्या भाषेत, दुभाष्याची वाट न बघता उत्तर दिलं, "हो साहेब. थँक्यू."

सरकारी वकिलाने हरकत नसल्याचं सांगितलं. इतके महिने जे काम हलत नव्हतं, ते चहा निवायच्या आत उरकलं. बायको उठून बाहेर गेली. बाई मागोमाग गेल्या, पण कॉरिडॉरमध्ये ती नव्हती.

विमानाचा दिवस कोणालाच कळवला नाही. सलूनवाल्याने विमानतळावरून कोणा प्रवाशाचा फोन मागून बायकोला फोन केला. बोलणं जेमतेम झालं. दुकानाची किल्ली कुठे आहे ते त्याने सांगितलं आणि मुलीला फोन द्यायला सांगितलं. ती शाळेत होती.

तिकडे पोचल्यावर तो बहिणीकडे राहिला. फोन येत होते. आवाज बरा होता. झोप लागते म्हणाला, इथे रात्री अंधार असतो. बाईंनाही एकदा फोन आला. "सरांना सांगा, दुसरीकडे केस कापू नका," तो हसून म्हणाला. बाई त्या दिवशी मोकळेपणाने हसल्या. वाटलं, कदाचित त्याचंच खरं होतं.

मग बहिणीचा फोन आला. तो बाजारात गेला होता. माणसं आली, साध्या कपड्यांतली, आणि चौकशीसाठी म्हणून घेऊन गेली. ठाण्यात विचारायला गेले तर असं कोणी आणलंच नाही म्हणतात.

बाईंनी करायचं ते सगळं केलं. मंत्रालयाला लिहिलं, वकिलातीला लिहिलं, ज्या संस्था अशा माणसांचा शोध घेतात त्यांना लिहिलं. सरकारी वकिलाला गाठलं. तो ऐकता ऐकता खाली बघू लागला. उत्तरं आली. सगळ्यांचा सूर एकच: सदर व्यक्ती स्वेच्छेने परत गेली असल्याने प्रकरण बंद आहे. ज्या 'दिली आहे' या शब्दांवर ते बंद झालं, ते शब्द कोर्टात बाईंनीच उच्चारले होते.

तो कागद, न दिलेला, त्यांनी फाडला नाही आणि जपूनही ठेवला नाही. कुठेतरी गेला. काम चालू राहिलं. सेंटरला जाणं आहे, काच आहे, फोन आहे. अजून त्यांना तारखा मिळतात, पण आता तारीख मिळाल्यावर त्या अशिलाला विचारतात, "राहवेल का तोपर्यंत?" बहुतेक जण हो म्हणतात.

सलूनवाल्याची बायको दर रविवारी येई. काही कळलं का, असं विचारी. बाई नाही म्हणत, आणि मग दोघी इकडचंतिकडचं बोलत: मुलीची परीक्षा, लाँड्रीतली नवी मशीन, जिन्यातला गेलेला दिवा. अजूनही येते. हल्ली ती विचारत नाही. बाई तिच्यासाठी चहा टाकतात, ती खिडकीशी बसून पिते, कप धुऊन ठेवते आणि जाते. तिने विचारावं असं बाईंना वाटतं. पण आपण होऊन विषय काढायचा त्यांना धीर होत नाही.