मध्यंतराचे दिवे

मुलांनो, काल आपण फोनवर एकत्र सिनेमा बघत होतो. नायिका दाराशी पोचली आणि तुम्ही तो थांबवून पाणी प्यायला गेलात! आमच्या वेळी सिनेमा फक्त मध्यंतराला थांबे, आणि मला त्याचीच धास्ती असे.

एकदा कॉलेजचा तास बुडवून मी आणि माझी मैत्रीण सुमन बायकांच्या बाकांवर बसलो होतो. पडद्यावरची आई मुलाला सोडून निघाली, तेवढ्यात दिवे लागले.

"अगं, तुझे अण्णा!" सुमन कुजबुजली.

सिनेमाला थेरं म्हणणारे माझे वडील पलीकडे डोळे पुसत होते. आमची नजरानजर झाली. मी निघायला उठले.

"बस," ते म्हणाले. "आता शेवट बघूनच जा."

सिनेमा तसा सामान्यच होता. माझ्या आवडत्या सिनेमांच्या यादीत मात्र तो अजून पहिला आहे.