चिठ्ठीत निघालेली बाजू

सभागृहाच्या कडेला, खांबाला लागून एक टेबल असे. त्यावर आवाजाचं यंत्र, वायरींची भेंडोळी आणि त्यामागे माईककाका. वक्तृत्व मंडळाच्या वादसभेला स्पीकरच्या पेट्या, माईक, सगळं त्यांचंच असायचं. मंडळाची रीत अशी, की वक्त्याने बाजू निवडायची नाही. चिठ्ठी उचलायची आणि निघेल ती बाजू मांडायची. दुसरी घंटा झाली की काका आवाज बंद करीत. बोलणारा कितीही बड्या घरचा असो, अर्धं वाक्य घशातच राही. काकांनी स्वतः मात्र त्या सभागृहात कधी तोंड उघडलं नव्हतं.

त्या वर्षी विषय होते तीन. प्रांताला फुटून निघण्याचा हक्क असावा का, राज्य धर्मग्रंथाप्रमाणे चालवावं का, आणि बाहेरून आलेले लोक इथल्या समाजात मिसळतात का. तिसऱ्या विषयावर काकांच्या नातीने चिठ्ठी उचलली. निघालं, ‘मिसळत नाहीत’.

आता काका स्वतःच बाहेरून आलेले. त्यांचा मुलूख फुटला तेव्हा सीमेची रेघ नेमकी वडिलांच्या घरादुकानाच्या मधून गेली. घर एका देशात, दुकान दुसऱ्या. वडिलांनी दोन्हींवर पाणी सोडलं आणि पोराबाळांना घेऊन इकडे आले.

“दुसरी चिठ्ठी काढ,” काकांनी घरी फर्मान सोडलं.

“तसं चालत नाही, आजोबा.”

“म्हणजे चिठ्ठी निघाली म्हणून आजोबाला घराबाहेर काढणार?”

“घराबाहेर नाही हो, देशाबाहेर,” नात हसली.

“मग माझीही पिशवी भरते गं,” स्वयंपाकघरातून आजी म्हणाली.

काकांना काही हसू आलं नाही. “खेळ वाटतो का तुला हा, वकीलबाई?”

“खेळच आहे. ही माझी मतं नव्हेत हे सगळ्यांना ठाऊक असतं.”

“सगळ्यांना?” काका म्हणाले आणि वायरी गुंडाळायला बसले.

सभेच्या दिवशी पहिल्याच पोराने टाळ्या घेतल्या. “फुटायचंय त्यांना फुटू द्या. नकाशावर एक रेघ मारायला लागतं काय?” काकांची कानशिलं तापली. काय लागतं म्हणे! दुसऱ्या विषयाला दोन्ही बाजूंच्या वक्त्यांनी एकाच ग्रंथाचं एकच पान वाचून दाखवलं. एकाने त्यातून राज्य चालवलं, दुसऱ्याने ग्रंथ देवघरात परत ठेवला. टाळ्या दोघांनाही सारख्याच.

मग नात उभी राहिली. बोलली झकास, आणि त्यामुळेच काकांना जास्त झोंबलं. “इतकी वर्षं झाली,” ती म्हणाली, “पण आमच्या स्वयंपाकघरात अजून तिकडचीच बोली चालते. आजोबा झोपेत बरळतात तेसुद्धा तिकडच्याच भाषेत!” सभागृह खो खो हसलं. काकांनी मान खाली घातली. झोपेतलं बोलणंसुद्धा माणसाचं स्वतःचं राहू नये?

शेवटी अध्यक्ष उठले. निवृत्त प्राचार्य, आवाज भारदस्त. अध्यक्षांना घंटा नसते.

“बाकीच्यांनी युक्तिवाद केले,” ते म्हणाले, “या मुलीने कबुली दिली! ती त्यांच्यातलीच आहे. आता आणखी पुरावा कशाला हवा? अशा लोकांना...”

पुढचं कोणाला ऐकूच आलं नाही. काकांनी आवाज बंद केला होता. अध्यक्षांचे ओठ मात्र हलत राहिले.

“आवाज! आवाज!” मागून ओरडा झाला. मंडळाचे चिटणीस धावत टेबलाशी आले.

“वायर सुटली का हो?”

“नाही. मीच बंद केलाय.”

“अहो, अध्यक्ष बोलतायत!”

“दिसतंय की.”

“चालू करा आधी!”

“पोरीला चिठ्ठी उचलायला तुम्हीच लावलंत. ती चिठ्ठीतलं बोलली, तर कबुली म्हणता? जनाची नाही, मनाची तरी लाज वाटू द्या!” काकांचा आवाज इतका चढला की पुढच्या रांगा वळून पाहू लागल्या.

“पुढच्या वर्षी आम्ही दुसरा माईकवाला बघू.”

“पुढच्या वर्षापर्यंत कशाला थांबता? पेट्या माझ्या आहेत. आत्ताच उचलतो.”

त्यांनी वायर उपटायला घेतली, तोच मनगटावर हात पडला. नात होती, चेहरा लालबुंद.

“राहू द्या ते, आजोबा. आवाज चालू करा.”

“काय म्हणाला तो, ऐकलंस ना?”

“ऐकलं, म्हणूनच सांगतेय. तुम्ही पेट्या घेऊन गेलात तर म्हणतील, बघा, मिसळत नाहीत. आणि मी राहीन जन्मभर कबुली देणारी. मला बोलायचंय.”

“आणि घरातलं चव्हाट्यावर मांडलंस ते?”

“ते चुकलं माझं. त्यावरून घरी भांडा.”

“एकदा बोललेल्या वक्त्याला परत बोलता येत नाही,” चिटणीस मध्ये पडले. “नियम आहे.”

“नियम? कबुली नोंदवायचा नियम कुठला?” असं म्हणून ती मंचाकडे निघालीही.

काकांनी आवाज चालू केला. अध्यक्ष आपला माईक सोडीनात, तेव्हा ती वक्त्यांच्या माईकपाशी जाऊन उभी राहिली.

“मघाशी मी चिठ्ठीत निघालेली बाजू मांडली,” ती म्हणाली. “माझी बाजू अजून कोणी विचारलेली नाही. ती आता सांगते.”

घंटेवर बसलेल्या गृहस्थांचा हात सवयीने पुढे गेला. काकांनी तिकडे पाहिलंच नाही. आवाज त्यांनी आणखी थोडा वाढवला.