मीरा रोडचा वाफाळता वाडगा

काशीमिऱ्याला बसमधून उतरले तेव्हा नुकतं उजाडत होतं. हवेत खाडीचं धुकं तरंगत होतं आणि त्यात उंच इमारतींचे फक्त वरचे मजले दिसत होते. वेंगुर्ल्याहून रात्रभर प्रवास करून मी ताईकडे आले होते.

ताई भाईंदरला, राई गावाजवळ राहते. तिच्या खिडकीखाली एका बाजूला भाताचं खाचर आणि दुसऱ्या बाजूला नवा टॉवर. मोठ्या तापातून उठल्यापासून तिची चव गेली होती, वासही. चार महिने झाले होते. ज्या बाईच्या हातचं जेवायला माणसं वाट वाकडी करून यायची, तिनं स्वयंपाकच सोडला होता. चहात बिस्किट बुडवायची आणि म्हणायची, "माका सगळा भिजलेल्या कागदासारखा लागता गो." (मला सगळं भिजलेल्या कागदासारखं लागतं.)

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला बळेच बाहेर काढलं. मीरा रोडच्या एका गल्लीत लाल कंदिलांचं छोटं हॉटेल दिसलं, तिथं शिरलो. आत काचेच्या थंड कपाटांत कमळाच्या कंदाचे जाळीदार काप, काळे मशरूम, कोळंबी, नूडल्सच्या गुंडाळ्या मांडलेल्या. आपणच चिमट्यानं हवं ते वाडग्यात घ्यायचं, मग ते काट्यावर तोलून उकळत्या रश्श्यात शिजवून देतात.

ताई कमळाच्या कापांपाशी बराच वेळ उभी राहिली. "काय सुंदर भोकां हत गो," एवढंच म्हणाली. काउंटरवरच्या बाईनं विचारलं, "आँटी, तीखा कितना?"

"जितना है उतना डाल दो," ताई म्हणाली. "मुझे कहाँ समझता है!"

वाडगे आले. वाफेनं माझा चष्मा झाकोळला आणि समोरची ताई धूसर झाली, जणू पाण्यापलीकडे बसलीय. तिनं रस्सा ओढला आणि चमचा हवेतच थांबला.

"काय झालं?"

"जीभ चुरचुरता गो माझी." तिनं ओठांना बोट लावून पाहिलं. "ह्यात तिरफळा घातली हत काय?" (ह्यात तिरफळं घातली आहेत का?) आमच्याकडे माशाच्या कालवणात पडणारं, जिभेला झिणझिण्या आणणारं ते फळ.

मी काउंटरवर जाऊन विचारलं. बाईनं चमच्यात मसाल्याची चार लालसर टरफलं आणून दाखवली. थेट तिरफळाची चीनमधली बहीण! चव नव्हती आली, पण जिभेला मुंग्या आल्या होत्या. चार महिन्यांत पहिल्यांदाच तिला तोंडात काहीतरी कळलं होतं. ताईनं अख्खा वाडगा संपवला, नाकाडोळ्यांतलं पाणी पदरानं पुसत. बाहेरची रहदारी कुठल्या तरी दूरच्या गावातली वाटत होती.

परतताना भाईंदरच्या बाजारात ती आपणहून कोळणीसमोर बसली. कोळीण इथल्याच किनाऱ्यावरच्या पाली गावची. "ताजं हाय, बघ," म्हणाली. ताईनं बांगड्याचा कल्ला उघडून पाहिला. नाकाला कळत नसलं तरी डोळ्यांना कळत होतं.

निघायच्या दिवशी तिनं मला स्वयंपाकघरात येऊच दिलं नाही. बसपाशी हातात डबा दिला.

पनवेल मागे पडल्यावर मी तो उघडला. बांगड्याचं तिखलं (घट्ट आंबट-तिखट कालवण) आणि भात. मीठ जवळजवळ दुप्पट पडलं होतं. खिडकीबाहेर संध्याकाळचे डोंगर निळे होत होते. मी सावकाश, डबा पुसून सगळं खाल्लं.