फेटेवाला इवाई, टोपीवाला इवाई

आमच्या नात्यागोत्यात एक गोष्ट गेली चाळीस वर्षं सांगितली जाते. माझे वडील आणि माझे सासरे अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, आणि मी टीव्हीवर केलेल्या विनोदामुळे त्यांचा समेट झाला, अशी ती गोष्ट आहे. बारसं असो की साखरपुडा, जेवणं झाली की कुणीतरी ती काढतंच. मग सगळे माझ्याकडे कौतुकानं बघतात आणि मी सुपारी चघळत मान हलवतो.

समेट टीव्हीमुळे झाला हे खरं आहे. पण त्याआधी होऊ घातलेला समेट मोडला तो मी, आणि भांडण इतकी वर्षं पेटतं ठेवलं तेही मीच. वडील गेले, सासरे गेले, स्टेजवरचा माझा जोडीदारही गेला. बायको आहे, आणि तिला यातलं काही ठाऊक नाही. म्हणून लिहायला बसलो आहे.

मूळ भांडण फेट्याचं. लग्नात व्याही, आमच्या बोलीत इवाई, व्याह्याला कडकडून भेटतो, आणि आमच्याकडे हौशी व्याही समोरच्याला जरासा उचलतोही. वडील उंच आणि काटकुळे. सासऱ्यांची दौलताबादला किल्ल्याखाली सीताफळाची बाग होती आणि दंड विहिरीचं पाणी शेंदून तयार झालेले. त्यांनी वडिलांना असं उचललं की वडिलांचे पाय सुटले आणि फेटा उडून ताशेवाल्याच्या मांडीवर पडला. ताशेवाल्याला वाटलं, आहेर आहे. त्यानं तो डोक्याला लावला, पिशवीत घातला आणि परत द्यायला अर्धा तास घेतला. तोवर वडील चारशे पाहुण्यांत बोडक्या डोक्यानं उभे. सासऱ्यांचं म्हणणं असं की आपण फक्त हात लावला, इवाईबुवांनी स्वतःच उडी मारली.

वडील सगळा काळ पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे निजामाचं राज्य गेलं त्याच्या, आधी की नंतर असा मोजत. माझ्या लग्नानंतर त्यांनी नवी मोजणी सुरू केली. फेटा पडायच्या आधी आणि फेटा पडल्यावर.

बोलणं बंद झालं तरी कार्यात दोघांना एका पंगतीला बसावं लागे. तेव्हा ते मधल्या तांब्याशी बोलत. वडील तांब्याला म्हणत, "इचार रं यास्नी, भात घेणार का आमच्या घरचा ग्वाड लागत नाय?" सासरे तांब्यालाच सांगत की भात घेतला असता, पण वाढणाऱ्याचा हात आखडता दिसतो. तांब्या बिचारा दोघांचं ऐकून घेई.

मी तेव्हा एका सरकारी कचेरीत कारकून होतो. शेजारच्या टेबलावर माझा जोडीदार बसे. तो शहागंजाकडचा, घरी दखनी बोलणारा, पण मराठवाडी म्हातारा असा काढायचा की साहेबसुद्धा फाइल ठेवून बघत राहत. कचेरीचा एक क्लब होता. क्लब म्हणजे एक कॅरम, दोन वर्तमानपत्रं आणि वर्षाचं एक स्नेहसंमेलन. एका संमेलनात गाणारे वेळेवर आले नाहीत, म्हणून आम्हाला स्टेजवर ढकललं. आम्ही दोन खुर्च्या ठेवल्या आणि मध्ये तांब्या. मी फेटा बांधला, त्यानं टोपी घातली, आणि पाऊण तास आम्ही फक्त तांब्याशी भांडलो. गाणारे आले ते प्रेक्षकांत बसून हसले. त्यानंतर शहरातल्या प्रत्येक क्लबात आम्हाला बोलावणं येऊ लागलं.

ही बातमी वडिलांपर्यंत पोचायला किती वेळ लागणार? आमच्या मुकुंदवाडीत तेव्हा सगळ्यांना सगळं कळायचं. त्यांनी मला समोर बसवून विचारलं, "तू म्हनं सभेत बापाची नक्कल करतूस. व्हय?"

मी घाबरलो आणि सांगून टाकलं की नक्कल टोपीवाल्याची आहे, म्हणजे सासऱ्यांची. फेटेवाला आपला जिंकायला ठेवलाय. वडिलांचा चेहरा उजळला. पुढच्या कार्यक्रमाला ते पहिल्या रांगेत होते आणि टोपीवाला हरला तेव्हा त्यांनी काठी आपटून दाद दिली.

पंधरा दिवसांनी सासऱ्यांनी तोच प्रश्न केला. मी तेच उत्तर उलटं करून दिलं.

इथून आमच्या कामाला एक पद्धत आली. पडद्याच्या फटीतून आधी बघायचं, आज कोण आलंय. वडील असले तर टोपी हरणार, सासरे असले तर फेटा. एक जिथं जाणार तिथं दुसरा पाऊल टाकत नसे, म्हणून दोघं एकदम कधी आले नाहीत. दोघंही नसले तर ज्याचा घसा बसला असेल तो हरणार. संवाद तेच, फक्त शेवटची बाजू फिरवायची. दोघंही खूश असत आणि जवळ बोलावून मला माल पुरवत. वडील सांगत की तुझा सासरा गव्हाच्या पोत्याला पण रामराम करतो, ते घाल. सासरे म्हणत, "जावईबापू, तुमचे वडील चहा बशीत वततात आन मंग बशीलाच फुकून थंड करतात, कपाला नाय. ते घ्या की त्यात." मी वहीत लिहून घेई. कधी माल कमी पडला तर यांचं त्यांना आणि त्यांचं यांना सांगून यायचं, की आठवड्याभरात ताजा राग मिळे. जोडीदाराला हे आवडत नसे. तो म्हणायचा, "नक्को मियाँ, बुड्ढों को कायको लडारा तू?" मी म्हणायचो, कला आहे.

मग मुंबईहून टीव्हीवाल्यांचं पत्र आलं, की तुमचे दोन व्याही आम्हाला हवेत.

त्याच आठवड्यात सासऱ्यांनी मला बागेत बोलावलं. स्वतः निवडून काढलेली सीताफळांची पाटी समोर ठेवली, वर निंबाचा पाला. मान खाली घालून म्हणाले, "इवाईंना द्या. म्हनावं, बिया थुंकाल तवा राग बी थुंकून टाका. म्या लई जोरात उचललं व्हतं, हे खरं हाय."

ती पाटी मी मुकुंदवाडीला नेली नाही. दोघं बोलायला लागले असते तर पहिल्याच चहाला माझी लबाडी उघडी पडली असती, आणि टीव्हीच्या तोंडावर माझ्याकडे एक नवं वाक्य उरलं नसतं. पाटी कचेरीत नेली. जोडीदाराला सांगितलं, सासऱ्यांनी आपल्या दोघांसाठी पाठवलीय. त्यानं त्यांना दुवा देत आठ खाल्ली. सासऱ्यांना मी कळवलं की वडील काही बोलले नाहीत. हे वाक्य तसं खरंच होतं.

टीव्हीवाल्यांना नुसतं भांडण नको होतं, त्यांना गोष्ट हवी होती. वेळ थोडा आणि डोक्यात दुसरं काही नाही, म्हणून मी तीच घातली. टोपीवाला फळांची पाटी पाठवतो, फेटेवाला ती परत धाडतो. ओळखू येऊ नये म्हणून मी सीताफळांच्या जागी पपया केल्या आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो.

एक गोष्ट मात्र लक्षात आली नव्हती. क्लबात बाजू फिरवता येत होती, टीव्हीवर एकदा झालं ते झालं.

मुंबईला जाऊन आम्ही चित्रीकरण करून आलो. कार्यक्रम दाखवायच्या दिवशी बायकोनं परस्पर ठरवून टाकलं की दोघांनी एकत्र बघायचं. टीव्ही जोडीदाराच्या घरी होता, आणि ते घर दोघांपैकी कुणाचंच नव्हतं, म्हणून दोघं आले. जोडीदाराच्या अम्मीनं एकाला पलंगावर आणि दुसऱ्याला खुर्चीवर बसवलं. माझी बायको अम्मीच्या हाताखाली आत चहा करत होती.

पडद्यावर टोपीवाला तांब्याला म्हणाला, "सांग त्यास्नी, पपईच्या बिया थुंकाल तवा राग बी थुंकून टाका."

सासरे पुढे सरकले. "पपईच्या बिया कोण थुंकतंय? त्या चमच्यानं खरवडून काढत्यात." मग पडद्यावर मी पाटी परत धाडली, तेव्हा वडील उखडले. म्हणाले, "म्या कवा कुनाची पाटी परत धाडली?"

सासऱ्यांनी टीव्हीवरची नजर काढली. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी वडिलांकडे तोंड केलं.

"इवाई, सीताफळं पोचली नव्हती व्हय तुम्हाला?"

"कुटली सीताफळं?"

मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. जोडीदारानंही बघितलं, आणि खाल्लेल्या आठ फळांचा हिशेब लागून त्याचा चेहरा पडला. टीव्हीवर लोक हसत होते.

पुढची दहा मिनिटं त्यांनी एकमेकांना विचारून सगळं जुळवलं. कोण कुणाला काय म्हणालं होतं, कुणी कुणाला काय सांगितलं, आणि मधे दर वेळी कोण होतं. मला एकानंही शिवी दिली नाही. वडील एवढंच म्हणाले, "इवाई, पोरीला सांगू नगा. तिला ह्याच्याच घरात ऱ्हायाचंय." सासऱ्यांनी मान डोलवली. बायको चहा घेऊन आली तेव्हा दोघं एकाच पलंगावर बसले होते. ती ट्रे धरून उभीच राहिली, आणि मग माझ्याकडे बघून तिचे डोळे भरले. तिला वाटलं, हे मी घडवून आणलं. मी तसं वाटू दिलं.

पुढे आम्ही त्या व्याह्यांचं दोन अंकी नाटक केलं. नाट्यगृह भरायचं, पण पहिल्या रांगेत आमचे दोन्ही म्हातारे शेजारी शेजारी बसत आणि चालू नाटकात मोठ्यानं चुका काढत, की असं झालंच नव्हतं. प्रेक्षक त्यांनाच जास्त हसू लागले. नऊ प्रयोगांनंतर आम्ही पडदा पाडला.

इथवर लिहून कागद बायकोच्या हातात दिले. ती चष्मा लावून बाल्कनीत बसली. ऐन दुपारी आम्ही आता राहतो त्या पुंडलिकनगरात भंगारवाला ओरडत होता, तिनं त्यालाही गप्प बस म्हणून सांगितलं. दोन जागी हसली, मी मोजलं. शेवटचं पान झाल्यावर तिनं कागद जुळवून मांडीवर ठेवले.

"तुम्ही सगळं लिहिलं, माझं नाही लिहिलं," ती म्हणाली. "मी सांगते ते घाला. आणि त्यात विनोद करू नका."

तिनं सांगितलं ते असं. त्या अकरा वर्षांत तिचे वडील तिला भेटायला महिन्यातून एकदा मुकुंदवाडीला येत. घरात येत नसत. रेल्वे स्टेशनच्या बाकावर बसून राहत. ती चहा पदराखाली झाकून तिथवर नेई. पोचेपर्यंत तो निवलेला असे. ते प्रत्येक वेळी म्हणत, लई गरम हाय, जरा थांबून पितो, म्हणजे तिला आणखी थोडा वेळ बसता येईल.