गाऱ्हाण्यात बंदुकीचं नाव नव्हतं

माझा मुलगा माणसं मारताना कसा दिसतो, ते मी रोज संध्याकाळी बघत होते. टीव्हीवर मारायचा, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही पुस्तक मिटून ठेवाल. तोंड अर्धवट उघडं, पापणी हलायची नाही, दोन्ही अंगठे मात्र बटणांवर सारखे नाचत असायचे. दारात उभी राहून मी घसा फोडला तरी ह्याच्या कानावर एक हाक पडेल तर शपथ. पडद्यावर खालच्या बाजूला एक बंदूक, ती धरलेले दोन हात, आणि समोर कोणी ना कोणी कोसळतंय. ते हात माझ्याच मुलाचे आहेत असं मला वाटायचं.

टीव्हीला जोडायचं हे खेळाचं यंत्र आणलं होतं ह्यांनी. हे मालवाहू बोटीवर कामाला. वर्षातून एकदा घरी यायचे, ते बापाच्या मायेची सगळी थकबाकी एका बॅगेत कोंबूनच. त्या वर्षी बॅगेतून हे काळं धूड निघालं. ती सालं दोन हजार चार-पाचची. आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर तेव्हा असलं काही कोणाकडे नव्हतं. मुलगा अकरा वर्षांचा. त्याला स्वर्ग दोन बोटं उरला. हे बोटीवर परत गेले आणि तो खेळ माझ्या पदरात पडला.

एकदा न राहवून त्याच्याजवळ जाऊन बसले. समोर एक माणूस भिंतीला टेकून पडला होता, रक्त ओघळत होतं. मी म्हटलं, "अरे, मेलो रे तो." त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मेलो नाय गो आये. परत सुरू केलंय काय उठतलो."

परत उठेल म्हणे. किती सहज बोलला! मी तशीच उठून स्वयंपाकघरात गेले. बांगडे साफ करायला घेतले. शाळेत मास्तरांशी बोलले, तर मास्तर म्हणाले, अभ्यासाकडे लक्ष द्या. फोनवर ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, तिकडे सगळीच मुलं खेळतात, काही होत नाही, आणि झालंच तर घरात तू कशाला आहेस? घ्या! आणायचं ह्यांनी आणि निस्तरायचं मी.

माझ्यासारखीच भीती घरात आणखी एकालाच वाटत होती, ती माझ्या सासऱ्यांना. मामंजी तापट, पण नातवावर जीव. "ह्या खेळान पोर बिघडतला गो," असं दिवसातून कितीदा तरी म्हणायचे. टीव्हीतून गोळीबाराचा आवाज आला की पानाची चंची आपटून अंगणात जायचे. ते ज्या खुर्चीत बसून हे म्हणायचे, तिच्या बरोबर वर, माजघराच्या भिंतीवर, त्यांची ठासणीची बंदूक लटकलेली असायची. तेव्हा ह्यात हसण्यासारखं काही आहे हे मला सुचलं नाही. आमच्याकडे शेतीबागायतीच्या घरात बंदूक असते, तशी ती होती. डुक्कर, वांदर हाकवायला लागते. परवान्याची बंदूक, सासऱ्यांच्या वडिलांपासूनची. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागले की घेऊन यायची. ती परत आली की मामंजी तिला तेल देऊन पुसायचे, माहेरवाशीण आल्यासारखे.

त्या वर्षी निवडणूक झाली आणि बंदूक घरी आली ती दिवाळीच्या तोंडावर. ती ठाण्यात असताना वांदरांनी नुसता धुमाकूळ घातला होता. कोवळे नारळ कुरतडून खाली टाकायचे आणि वर बसून दात दाखवायचे. मामंजींनी लगेच दारू, चिंध्या आणि छर्रे नळीत ठासून ठेवले. बंदूक अशी भरलेली ठेवायची रीतच होती. वेळेला कोण ठासत बसणार? वर घोड्याखाली दारू पेटवणारी टोपी लावली नाही तर बार उडत नाही, आणि टोप्यांची डबी मामंजींच्या बंडीच्या खिशात. "टोपी नाय तर ती नुसती काठी," असं ते म्हणायचे. सगळ्या गावाचा ह्यावर विश्वास. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या भरलेल्या नळीखालून ताटं घेऊन ये-जा करत होते.

दिवाळीच्या सुट्टीत मुलगा सकाळी उठल्यापासून टीव्हीपुढे. एक दिवस माझं डोकं फिरलं. यंत्र, वायरी, खेळाच्या चकत्या, सगळं गोळा करून मी तांदळाच्या पिंपात पुरलं आणि वर झाकणाला कुलूप घातलं. दोन दिवस जेवला नाही धड. तोंड फुगवून फिरत होता. मग मामंजींना त्याची कीव आली. ते त्याला माडांच्या बागेत घेऊन जाऊ लागले, बंदूक खांद्याला लावून कशी धरायची ते दाखवू लागले. मला ते आवडलं नाही. मी म्हटलं, मामंजी, तो लहान आहे. त्यांनी हात झटकला. ह्या घरातले सगळे पुरुष ह्याच वयात शिकले, म्हणाले, आणि त्या डबड्यातल्या खोट्या बंदुकीपेक्षा ही बरी, निदान मोकळ्या हवेत तरी राहतो. पोराच्या तोंडावर हसू आलं होतं, हेही खरं. पण माझी भीती गेली नाही. तिने नुसती जागा बदलली.

त्या दुपारी मी विहिरीवर कपडे धूत होते. शेजारच्या बागेला लागून आमचे माड आहेत. मामंजी आणि मुलगा मधल्या दगडी कुंपणाच्या गडग्याजवळ उभे होते, मला दोघांची पाठ दिसत होती. पलीकडच्या एका माडाच्या शेंड्यात झावळ्या हलल्या. मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, पण ते कबूल कोण करणार? त्यांनी खिशातून डबी काढली, टोपी लावली, बंदूक नातवाच्या हातात दिली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बग, हाललो. घाल."

मी माझ्या कानांनी ऐकलं. "घाल." मी "नको" म्हणून ओरडले की नाही, ते आज आठवत नाही. बार झाला. कावळे उडाले. आणि माडावरून वांदर नाही, माणूस ओरडला.

आमचे माड चढणारा गडी तो. वर्षानुवर्षं आमचेही नारळ तोच पाडायचा. माझ्या मुलासाठी एखादं शहाळं आठवणीने वेगळं काढून ठेवायचा. त्या दिवशी शेजाऱ्यांच्या माडावर चढला होता. छर्रे त्याच्या मांडीत आणि कमरेत घुसले. तरी त्याने माड सोडला नाही. मिठी मारून घसरत खाली आला, छाती सोलवटून निघाली, आणि शेवटी हात सुटून पडला तो घोट्यावर. मामंजी मटकन खाली बसले. मी गडगा चढून धावले. लोक जमले, कोणीतरी रिक्षा आणायला पळालं. मी पदर फाडून त्याच्या मांडीला बांधत होते, तेवढ्यात मागे कोणीतरी उभं राहिल्यासारखं वाटलं. माझा मुलगा. बंदूक अजून हातात. चेहरा तोच, टीव्हीपुढचा. तोंड अर्धवट उघडं.

"आये, तो उठतलो मां?"

माझी पाचावर धारण बसली. आजवर इतकी कधी भ्याले नाही, बाळंतपणातसुद्धा नाही.

माणूस वाचला. देवाची कृपा आणि सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांची. पण पाय गेला तो गेलाच, म्हणजे आहे, पण माडावर चढणारा राहिला नाही. पोलीस आले, तेव्हा मामंजींनी बंदूक साफ करताना आपल्या हातून बार उडाला असं सांगितलं. गड्याने माझी कोणावर तक्रार नाही म्हणून सांगितलं. त्याच्या औषधपाण्याचं, घरच्या जेवणाचं सगळं आम्ही बघू लागलो. बंदूक ठाण्यात गेली. निवडणुकीला जाते तशीच गेली, आणि तशीच परत येणार हे घरात सगळ्यांनी धरून ठेवलं. भिंतीवरची खुंटी कोणी उपटली नाही.

मग दोष कोणाचा, हे ठरायला वेळ लागला नाही. पोलिसांना काही सांगितलं तरी बार कोणाच्या हातून उडाला ते गावाला ठाऊक होतं, आणि ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच, त्या खेळान पोराचा डोक्या फिरला. मामंजींनी माझ्याकडून पिंपाची चावी मागून घेतली, यंत्र अंगणात आणलं आणि कोयत्याने त्याची खांडोळी केली. तुकडे खाडीत सोडले. ह्यांचा बोटीवरून फोन आला. पहिल्यांदा रडले, मग म्हणाले, तू लक्ष काय ठेवलंस? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. संन्यासी म्हणजे तो खेळ, असं नाही हं. तो खेळ मला तेव्हाही वाईट वाटत होता, आजही वाटतो. पण "घाल" म्हणून तो बोलला नव्हता.

पुढे एका रविवारी ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालायचं ठरलं. आमच्याकडे संकट आलं की गावातला जाणता मानकरी देवापुढे नारळ ठेवतो आणि मोठ्याने देवाला सगळं सांगतो. प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. म्हणजे ते सगळ्यांचं झालं. मी मुलाला घेऊन बायकांच्या बाजूला उभी राहिले. मामंजी पुढे, हात जोडून, मान खाली. गडी आला नव्हता, तो घरी खाटेवर होता.

"बा देवा म्हाराजा," मानकऱ्याने सुरू केलं, "ह्या लेकराच्या हातसून जो काय अपघात घडलो, तो तेना जाणून केल्यान नाय. परदेशातल्या खेळाचो वायट वारो तेच्या अंगाक लागलो, म्हणान ह्या घडला."

"होय म्हाराजा."

"तो वायट वारो आता खाडयेपार गेलो. आता ह्या घराक कसलोच दोष लावू नको रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

सगळे म्हणाले. मी जोडलेले हात खाली केले. आणि माझ्या कुशीजवळून एक बारीक, मोकळा आवाज आला, "होय म्हाराजा." माझा मुलगा. हात जोडून, मन लावून म्हणत होता. बाहेर आल्यावर प्रसादाचं खोबरं चावत मला म्हणाला, "आये, आता झाला मां सगळा?"

बाई गं! त्या टीव्हीच्या खेळाने जे त्याला शिकवलं असेल म्हणून मी वर्षभर घाबरले होते, ते आम्ही सगळ्यांनी मिळून देवाच्या दारात पाच मिनिटांत पक्कं करून दिलं होतं. नारळ ठेवला की परत पहिल्यापासून सुरू. हा असाच मोठा होणार, उद्या ह्याच्या हातून काही झालं की हा इकडे-तिकडे बोट दाखवणार आणि त्याला झोपही छान लागणार. मामंजी म्हणाले, चला घरी. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. सून उलट बोलली म्हणून ते बघत राहिले. मी मुलाचा हात धरला आणि गड्याच्या घराची वाट धरली.

अर्ध्या वाटेत त्याला कळलं कुठे चाललोय ते. पाय ओढायला लागला. घरी जाऊया म्हणाला, पोटात दुखतंय म्हणाला. मी हात सोडला नाही. त्याचा हात घामाने भिजून निसटायला बघत होता. भ्याला होता माझा झील, माझा लेक. त्या सगळ्या दिवसांत तेवढा एक क्षण मला बरं वाटलं.

गडी पडवीत खाटेवर होता. पायाला प्लास्टर, मांडीवर पट्ट्या. उठायला गेला आणि कळवळून परत टेकला. मुलाने ते बघितलं आणि तो रडायला लागला. गड्यालाच कसंतरी झालं असणार. तो म्हणाला, "रडतंस कित्याक रे? त्या खेळान केल्यान ता. तुझो काय दोष?"

मुलाने नाही म्हणून मान हलवली.

"खेळान नाय," तो म्हणाला. "आज्यान 'घाल' म्हटल्यान. पण बार मी घातलंय. मी नीट बगूकच नाय."

मग गड्याने दोन्ही हातांनी आपला प्लास्टरचा पाय उचलून बाजूला सरकवला आणि खाटेवर त्याच्यासाठी जागा केली. मुलगा त्याच्या शेजारी बसला आणि दिवेलागणीपर्यंत त्या पायाकडे बघत राहिला.